पट्टी लावली कुणी

गाण्यात नवे शब्द दोनच घालायचे होते, पण साधनाताईंचा सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता. पॅकिंगच्या टेबलाशी उभ्या राहून त्या एकच खोकं बांधत होत्या, सोडत होत्या.

माजलगावकडून कासारवाडीत येऊन त्यांना सोळा वर्षं झाली. भजनी मंडळात गळा त्यांचा, आणि चाकणच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर हातही त्यांचाच चपळ. दोन बटणं दोन्ही हातांनी दाबली तरच ती प्रेस खाली यायची. हात आत राहू नये, एवढ्यासाठीच ती सोय. दोन वर्षांपूर्वी एक बटण दाबलेलंच राहावं म्हणून त्यावर चिकटपट्टी लागली. एक हात मोकळा झाला, माल भराभर निघू लागला, आणि एका दुपारी ताईंची तर्जनी अर्धी गेली. कागदावर आलं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’, आणि ताई पॅकिंगला आल्या. पट्टी सुपरवायझर बबनरावांनी लावली हे सगळ्यांना ठाऊक. बोललं कुणीच नाही.

यंदा सुरक्षा सप्ताहासाठी ऑफिसातला प्रीतम एक छोटी संगीत फिल्म करत होता. गोष्ट ताईंचीच.

“ताई, गोष्ट संवादांत सांगू. मधे एखादं गाणं, विरंगुळा म्हणून.”

“विरंगुळ्याला नको, दादा. बाई बोलता बोलता जिथं अडते ना, तिथं ठेवा. मग ते गाणं नसतंय, तिचं बोलणंच असतंय.”

प्रीतमला पटलं. नायिका संवादात अडखळायची आणि गाणं सुरू व्हायचं. ताईंनी एक ओळ म्हणायची, की पॅकिंगमधल्या मोनिका आणि गिरजाबाई मागून पालुपद धरायच्या, ‘पट्टी लावली कुणी, बाई गं, पट्टी लावली कुणी’.

वरच्या साहेबांनी फिल्म पाहिली आणि पट्टीचा संवादच काढायला लावला. शेवटची ओळ होती, ‘बोट गेलं घाईघाईनं’. तिथं साहेबांना ‘माझ्याच चुकीनं’ हवं होतं.

“पालुपद तेवढं वाचवलं मी. मागच्या कोरसकडे कोण लक्ष देतं, म्हणाले साहेब.” प्रीतम खाली बघत होता. “ताई, तुमचं कंत्राट या महिन्याला संपतंय. गाऊन टाका.”

“दोन वर्षं कागद म्हणत होता,” गिरजाबाई म्हणाल्या, “आता तूच म्हण, म्हणजे कागदालाही विसावा.”

स्टोअररूमचं दार लावून प्रीतमनं मोबाइल सुरू केला. ताईंनी ओळ सरळ म्हटली, ‘बोट गेलं माझ्याच चुकीनं’. आणि मागच्या दोघींनी सवयीनं उचललं, ‘पट्टी लावली कुणी, बाई गं, पट्टी लावली कुणी’.

प्रीतमचं बोट मोबाइलवर तसंच राहिलं. “परत घ्यायचं का?”

“नको,” ताई म्हणाल्या. “पालुपद सोडत नसतात.”

शुक्रवारी कँटीनमध्ये फिल्म लागली. ताई दाराशीच उभ्या राहिल्या, बसवेना. पहिल्या कडव्याला सगळे गप्प. दुसऱ्याला मागच्या बाकांवरून कुणीतरी पालुपद गुणगुणलं. ‘माझ्याच चुकीनं’ आलं, आणि आख्खं कँटीन म्हणालं, पट्टी लावली कुणी. साहेब घड्याळ बघू लागले.

पांगापांग झाल्यावर बबनराव चहाचा कप घेऊन ताईंजवळ आले.

“ग्वाड गायलासा ताई. पर त्ये मागचं सारखं सारखं कशापायी?”

“तुम्हीच सांगा.”

“तवा वरनं टार्गेट व्हतं,” बबनराव हळूच म्हणाले. “म्या लावली.”

दोन वर्षं ताईंना एवढंच ऐकायचं होतं. ऐकून त्या पॅकिंगच्या टेबलाशी परत गेल्या आणि त्यांनी खोकं एकदाच बांधलं, सोडलं नाही.