चाल : पारंपरिक

पारंपरिक म्हणे! चाल काय शेवग्याच्या झाडाला लागते, की आला-गेला तोडून नेईल? मद्रासच्या तिरुवल्लिकेणीतल्या कुमुदिनीबाई तेव्हा चांगल्या धडधाकट होत्या, स्वतःच्या हाताने इडलीचं पीठ वाटत होत्या. तरी गाण्याच्या तबकडीवर त्यांच्या चालीपुढे छापलं होतं, ‘पारंपरिक’.

तंजावरकडच्या मराठी घरांत लग्नाच्या संध्याकाळी नलंगु असतो. नवरा-नवरी समोरासमोर बसून नारळ लोळवतात, एकमेकांच्या डोक्यावर पापड फोडतात आणि नवरीकडच्या बायका गाण्यातून व्याह्यांची टर उडवतात. शब्द दर लग्नाला नवे, चाल मात्र गाणारणीची स्वतःची. एकीची चाल दुसरीने उचलली, तर तिला पुन्हा कोणी गायला बसवत नाही. कुमुदिनीबाईंचं माहेरचं नाव लग्नात गेलं, घर नवऱ्याचं, बँकेतलं खातं नवऱ्याचं. स्वतःची म्हणावी अशी ही एक चाल होती. ओळ संपता संपता ती मध्येच अडखळायची, ऐकणारे पुढे वाकायचे आणि मग टोमणा नेमका बसायचा.

भावाचा मुलगा रंगा कॉलेजसाठी त्यांच्याच घरी राहिला, त्यांच्याच हातचं जेवला. गिटार वाजवायचा. मित्रांना जमवून त्याने ‘कॅटामरान्स’ नावाचा बँड काढला. आत्याच्या चालीत मरीना किनाऱ्यावरच्या कुठल्याशा पोरीबद्दलचे इंग्रजी शब्द कोंबले आणि सहासष्ट साली त्याची तबकडी निघाली. बघता बघता नुंगंबाक्कमच्या दुकानादुकानांत तेच गाणं. ते अडखळणंसुद्धा जसंच्या तसं!

खोटं कशाला बोला, रेडिओवर ऐकून कुमुदिनीबाई आधी हरखल्याच होत्या. मग त्यांनी तबकडी हातात घेतली.

“रंगा, माझं नाव कुठं रे?”

“अत्या, बायकांची गाणी ती. अस्कं, सगळंच जुनं की!”

“जुनं? ह्या चुलीपुढं मी केलं ते!”

नवरा सेतुमाधव पेपरामागून म्हणाला, “जाऊ दे गं, घरातलाच पोरगा.” जाऊ दे! कचेरीत त्याच्या कामाखाली दुसऱ्या कारकुनाने सही ठोकली असती, तर यानेच घर डोक्यावर घेतलं असतं.

पुढल्या वर्षी रंगाच्या बहिणीचं, वसंताचं लग्न निघालं. नलंगुला कुमुदिनीबाईंनी नवे शब्द बांधून आणले होते. पहिली ओळ म्हटली मात्र, नवरदेवाची आत्या अन्नपूर्णाबाई खदखदून हसली. “अय्यो! रेडिओतलं उचलून आणलंस? आम्हांस उसनी चाल?”

सगळा मांडव हसला. इतकी वर्षं ज्यांनी त्यांना मानाने पुढे बसवलं, त्या बायकाही तोंडाला पदर लावून हसल्या. कुमुदिनीबाईंचे कान तापले. त्या रंगाकडे वळल्या. तो बँडच्या मित्रांत बसला होता.

“रंगा, सांग यांस. कोणाची चाल?”

रंगाने मित्रांकडे पाहिलं. “कोणी म्हटलं तरी चालतंय, अत्या. पारंपरिकच ते.”

कुमुदिनीबाई मांडी ठोकून बसल्या आणि कोणी कधी न ऐकलेल्या चालीत तिथल्या तिथे सुरू झाल्या:

*रंगाचं ताट गं भरलं भरलं,*
*रांधणारणीचं नाव विसरलं विसरलं...*

अन्नपूर्णाबाईच्या हातातला पापड हातातच राहिला. चाल अशी लखलखीत होती की बायकांनी आपोआप ठेका धरला. रंगाची मान खाली होती. लाजला असेल, असं कुमुदिनीबाईंना वाटलं, आणि जरा बरंही वाटलं.

तेवढ्यात त्यांना त्याची बोटं दिसली. मांडीवर, गिटारच्या तारांवर फिरावीत तशी ती फिरत होती. चाल पकडत होती.

कुमुदिनीबाई ओळीच्या मध्यावर थांबल्या.

“पुढं? पुढं म्हण की!” बायका ओरडल्या. अन्नपूर्णाबाईसुद्धा म्हणाली.

“नाही,” त्या म्हणाल्या, आणि उठून गेल्या. त्या गाण्याचा उरलेला अर्धा भाग त्यांनी पुढे कोणापुढेही म्हटला नाही.