हौदातला झेंडा

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा. मग सांगतो.

मी इंग्रजांच्या राज्यात कोठडीत बसून आलेला माणूस आहे. खोटं नाही, शप्पथ! लोक मोठ्या आदरानं विचारतात, "सत्याग्रहात धरलं होतं का हो?" मी गप्प बसतो. फारच आग्रह झाला तर खरं सांगून टाकतो. आंघोळीमुळं धरलं होतं.

हां, हसलात! म्हटलं होतं ना हसायचं नाही म्हणून?

बत्तीस-तेहतीसचा सुमार असेल. मी माढ्याहून सोलापूरला शिकायला आलेलो. आमच्या अण्णांचा विचार असा, की पोरगं शिकेल आणि मामलेदार होईल. पोरगं शिकत होतं, पण शाळेतलं नाही. सकाळी प्रभातफेरी, दुपारी पत्रकं चिकटवायची, संध्याकाळी मंडळाची बैठक. या सगळ्यातून वेळ उरलाच तर गणित. उरत नव्हता हो, काय करणार!

राहायला होतो माझ्या दोस्ताकडं, व्यंकूकडं. पद्मशाली विणकराचं घर. पुढं तीन माग, मागं परसात रंगाची चूल, मधल्या जागेत माणसं कशीबशी, आणि वर माडीवर मी. गल्लीत दिवसभर मागांची खटखट आणि दारोदारी तेलुगू. व्यंकूचे वडील राजन्नामामा मुलखाचे अबोल, आणि त्याची अम्मा त्यांच्या वाटचं पण बोलणारी. मला पोटच्या पोरासारखं वाढायची. म्हणजे आधी शिव्या, मग भात.

तर एके दिवशी मंडळाच्या बैठकीत आमचे पुढारी दादा म्हणाले, "नारळी पौर्णिमेला पद्मशालींच्या देवाची, मार्कंडेयाची मिरवणूक पोलीस चौकीवरून जाते. त्या मिरवणुकीतून तिरंगी झेंडा कोण नेणार?"

सगळे एकदम आपापल्या पायाकडं बघायला लागले. झेंड्याला तेव्हा सक्त बंदी होती. हातात दिसला की पाठीवर छडी आणि वर कोठडी. आमच्या चौकीचा फौजदार तर नुसत्या मिशांनी माणसाला घाम फोडायचा.

आता मी गप्प बसायला काय हरकत होती? पण मंडळातली पोरं मला 'माढ्याचं मेंढरू' म्हणायची. ते डोक्यात बसलं होतं. उठलो आणि म्हणालो, "म्या नेतो! चौकीसमोरनं झेंडा न्हाय गेला, तर सोलापुरात तोंड दाखवणार न्हाय!"

टाळ्या पडल्या. दादांनी पाठ थोपटली. घरी येईपर्यंत मी मात्र दहादा मागं वळून बघितलं.

झेंडा विकत थोडाच मिळणार? घरीच करायचा. केशरी पट्टी तयार होती, पांढरी तयार होती, हिरवी तेवढी रंगवायची राहिली होती. सणाच्या आदल्या दिवशी दुपारी सगळी गल्ली देवळाकडं रथ सजवायला गेली. आम्ही परसात हंडा चढवला. व्यंकूनं बापाच्या फडताळातून हिरव्या रंगाची पुडी आणली.

"कुठला रं रंग?"

"जर्मन."

"अरे, स्वदेशी झेंड्याला जर्मन रंग?"

"मग काय विलायतेचा आणू?"

वाद तिथंच मिटला.

"हे बघ," व्यंकू म्हणाला, "चिमूटभर टाक. लई जहाल असतो." आणि त्याला देवळातून हाक आली म्हणून पळाला.

चिमूटभर! देशाच्या कामाला चिमूटभर? मी अख्खी पुडी रिकामी केली.

पट्टी अजून भिजवली पण नव्हती, तेवढ्यात दिवेलागणीच्या आधी व्यंकू धापा टाकत परत आला.

"सदा, मेलो रं!"

"काय झालं?"

"फौजदाराला कुनीतरी सांगितलंय, ह्या गल्लीत झेंड्याचा रंग चाललाय म्हनून. उद्या सकाळच्याला झडती हाय. ज्याच्या हाताला हिरवा रंग दिसंल त्याला उचलनार. आन् ज्याच्या घरात सापडंल त्याचे माग जप्त! सदा, बापाचे माग गेले तर आमी खायचं काय?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. झेंड्याचं राहू द्या, पण ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घरचे माग माझ्यापायी जायचे?

"तू जा देवळात," मी म्हणालो. "म्या बघतो."

माझ्या आयुष्यात जेवढे घोळ झालेत ना, त्या सगळ्यांची सुरुवात या दोनच शब्दांनी झालेली आहे.

आता हंडाभर हिरवं पाणी टाकायचं कुठं? परसात ओतावं तर जमीन हिरवी. गटारात ओतावं तर गटार सगळ्यांच्या दारावरून वाहत जाऊन थेट चौकीच्या पायरीशी निघतं. म्हणजे फौजदाराला घरपोच! विचार करून करून डोकं तापलं, आणि मग आठवला कोपऱ्यावरचा हौद.

दगडी, भला मोठा हौद. गाडीचे बैल त्यात पाणी पिताना मी रोज बघायचो. म्हटलं, जनावरांचा हौद. जाऊन बघतो तर काठोकाठ भरलेला! एवढ्या पाण्यात हंडाभर रंगाचा काय पत्ता लागणार? हंडा उपडा केला. मग व्यंकूच्या घरचा हंडा, चूल, फरशी, सगळं घासून लखलखीत केलं. उरला मी. कोपरापर्यंत हिरवा.

तसाच तळ्यावर गेलो. चिंच, राख, विटेचा चुरा, सापडेल त्यानं अंग घासलं. कातडी सोलवटली, पण रंगाचा ठिपका ठेवला नाही. नखं काडीनं कोरली. परत येऊन माडीवर जाऊन पडलो. माग वाचले, पण माझा झेंडा गेला होता. उद्या दादांना काय तोंड दाखवू? रडूच आलं मला. रडता रडता झोप लागली.

आता जे मला ठाऊक नव्हतं ते तुम्हाला सांगतो. नारळी पौर्णिमेला गल्लीतली झाडून सगळी मंडळी पहाटे अंधारात डोक्यावरून आंघोळ करतात. नवं जानवं घालतात. मागावरच्या कोऱ्या धोतराला खळ असते, ते पाण्यातून पिळून काढून नेसतात. पुरुषांचा मिरवणुकीचा पोशाख ठरलेला, डोक्याला केशरी फेटा, अंगात पांढरा सदरा आणि खाली नवं पांढरं धोतर. आणि या आंघोळीसाठी आदल्या दिवशी सगळे मिळून हौद घासतात, पखालीनं भरतात.

हौद कोणता ते सांगू का? कळलं ना? बसा मग.

सकाळी जाग आली ती अम्माच्या किंकाळीनं.

"अय्यो देवुडा!"

खिडकीतून खाली बघितलं. राजन्नामामा अंगणात उभे. हिरवे! मिशा हिरव्या, जानवं हिरवं, टकलावर तर रंग असा चढलेला की काय सांगू. शेजारचा म्हातारा हिरवा. त्याच्या तिन्ही सुना हिरव्या. कडेवरचं पोर हिरवं, आणि ते एकटंच खूश होतं. दोरीवर, भिंतीवर, माणसांच्या कमरेला, जिकडं बघावं तिकडं पोपटी धोतरं!

अम्मा म्हणत होती देवाचा कोप झालाय. म्हातारा म्हणत होता पटकीची साथ आहे, पहिल्यांदा माणूस हिरवा होतो आणि मग जातो. ते ऐकून त्याच्या सुनांनी गळा काढला. राजन्नामामांनी फक्त आपला हात नाकाशी नेला, वास घेतला आणि म्हणाले, "जर्मन हाय."

आणि एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी फौजदार!

मिशांना पीळ देत आले, छडी आपटली आणि ओरडले, "ज्याच्या हाताला हिरवा रंग असंल त्यानं पुढं यायचं!"

सगळी गल्ली एक पाऊल पुढं आली.

फौजदारांचं तोंड उघडं ते उघडंच. त्यांचा हवालदार घरोघर डोकावून धावत आला आणि म्हणाला, "साब, सब्बीच हरे हैं! बुड्ढे बी हरे, बच्चे बी हरे!"

फौजदारांनी त्याच्याकडं बघितलं. उन्हातून चालून आल्यावर गड्यानं कोपऱ्यावरच्या हौदात तोंड धुतलं होतं.

"अरे, तू पन?"

आता एवढी माणसं धरून नेणार कुठं? चौकीत कोठडी एकच. फौजदार टोपी काढून डोकं खाजवायला लागले. जायलाच निघाले होते हो! पाठ फिरवली होती! मी तेवढा वेळ माडीवर थांबलो असतो तर आज हा किस्साच नव्हता.

पण मला वाटलं, लपून बसलो तर संशय येईल. स्वच्छ सदरा घातला, स्वच्छ धोतर नेसलो आणि ऐटीत जिना उतरून खाली आलो.

फौजदार थबकले. माझ्याकडं बघतच राहिले.

"तू कोन रं?"

"सदाशिव. माढ्याचा. हितं शिकायला असतो."

"हात बघू."

मी दोन्ही हात पुढं केले. उलटे केले, सुलटे केले. नखं पण दाखवली! चिंचेनं घासलेले हात, लग्नातल्या तांब्यासारखे चमकत होते.

"आंघोळ झाली?"

"झाली की साहेब."

"कुटं?"

"तळ्यावर."

"दारात हौद भरलेला असताना तळ्यावर कशाला?"

आणि मी, हा तुमच्यासमोर बसलेला शहाणा, मी काय म्हणावं?

"त्या हौदात कोन आंघोळ करंल साहेब? त्यात तर अख्खी पुडी…"

पुढचे शब्द गिळले. पण गिळून काय उपयोग? सगळी गल्ली माझ्याकडं वळली होती. एवढे हिरवे चेहरे एकदम रागावलेले तुम्ही कधी बघितलेत का? बघू नका.

"सदा?" राजन्नामामा एवढंच म्हणाले.

फौजदारांच्या मिशा हळूहळू वर चढल्या. "रंग कुनाच्या घरात कालवला?"

व्यंकू मागच्या मागं भिंतीला टेकला. त्याचा हिरवा चेहरा पण पांढरा पडला. माग, तीन माग!

"कुनाच्याच न्हाय साहेब," मी म्हणालो. "म्या एकट्यानंच केला. हौदातच."

"हौदातच? एक झेंडा रंगवायला हौदभर रंग?"

"व्हय साहेब."

फौजदारांनी मला नखशिखांत बघितलं. एवढा मूर्ख माणूस असू शकतो, यावर त्यांचा लगेच विश्वास बसला. झडतीचं नाव पण काढलं नाही. माग वाचले. व्यंकूनं जो श्वास सोडला तो मला तिथवर ऐकू आला.

आता तुम्हाला वाटेल, गल्ली माझ्यासाठी रडली असेल. कुणी ओवाळलं असेल. अहो, अम्मा कमरेला पदर खोचून पुढं आली आणि म्हणाली, "साहेब, न्या याला! मिरवणूक सुटायच्या आत न्या!"

मला बेड्या घातल्या तेव्हा गल्लीनं टाळ्या वाजवल्या. फौजदार गहिवरले. वाटेत मला म्हणाले, "पोरा, आजपावतर कुनालाबी धरलं की लोकांच्या शिव्या. टाळ्या आज पैल्यांदा मिळाल्या."

चौकीत कोठडीत टाकायच्या आधी बेड्या काढून मला खिडकीशी बसवलं. वर जबाब लिहून घेताना चहा पण पाजला. फौजदार खुशीत, शेजारच्या खुर्चीवर. मी मान खाली घालून बसलेलो. झेंडा न्यायची पैज मारली आणि स्वतःच आत! मंडळातली पोरं काय म्हणतील?

आणि मग आला वाजतगाजत रथ.

मी मान वर केली. फौजदारांनी मान वर केली. दोघांचेही चहाचे कप तसेच हातात राहिले.

राजन्नामामांनी म्हणे निकाल दिला होता, "सनाला नवं धोतर सोडायचं न्हाय. देवाला रंग चालतो. चला." आणि चालली होती हो गल्लीच्या गल्ली! वर केशरी फेट्यांची रांग. खाली पांढऱ्या सदऱ्यांची रांग. त्याच्याखाली हिरव्यागार धोतरांची रांग. या टोकापासून त्या टोकापर्यंत रस्ताभर, पावलागणिक फडफडणारा झेंडा!

फौजदार ताडकन उठले. "हवालदार! झेंडा खाली उतरवा!"

हवालदारानं रस्त्यावर बघितलं, फौजदारांकडं बघितलं आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "साब, धोतरां उतारनी पड़तीं!"

माझा शब्द खरा झाला होता! चौकीसमोरून झेंडा निघाला होता, कुणी कधी बघितला नव्हता एवढा मोठा! एका हातानं खिडकीचा गज धरून मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "झेंड्याचा विजय असो!"

मिरवणूक थांबली. सगळ्यांनी वळून खिडकीकडं बघितलं.

गर्दीत दादा होते, आमचं मंडळ होतं. माझ्या झेंड्याची वाट बघून बघून त्यांचे डोळे शिणले होते. त्यांना काय दिसलं? चौकीच्या खिडकीत मी. पांढरा शुभ्र. हातात चहाचा कप. शेजारी फौजदार. पोरगं फितूर झालं, असं वाटून दादांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी मूठ वर केली आणि पहिली आरोळी दिली. गल्लीला कारण वेगळं होतं, पण जोर तोच होता. अम्माचा आवाज तर सगळ्यांच्या वर!

चौकीसमोर 'सरकारचा धिक्कार असो' ही घोषणा दणक्यात द्यायची, असं मंडळानं कधीचंच ठरवलं होतं. मीच बसून सगळ्यांकडून पाठ करून घेतली होती. दिली बघा, अगदी एका सुरात दिली. फक्त जिथं सरकारचं नाव घ्यायचं होतं, तिथं माझं घेतलं.