अडीच घरं उडालेला राजा

शेवगावच्या वाचनालयात महिन्याला एक मासिक यायचं, आणि त्याच्या शेवटच्या चार पानांवर बुद्धिबळाच्या खेळाडूंची एक चित्रकथा असायची. कुठल्याशा परदेशी कथेचं मराठी केलेलं. मी नववीत असताना ती सुरू झाली, आणि मी एकोणीस वर्षांची झाले तरी संपायचं नाव घेत नव्हती. तिच्यात लांब कोटातला एक म्हातारा विजेता होता, आणि त्याला हरवायला निघालेला, सारखी नखं खाणारा एक पोरगा. चार वर्षं गावोगावच्या स्पर्धांत एकमेकांना हुकवून दोघं शेवटी समोरासमोर बसले. तो एकच डाव वर्षभर चालला. एका अंकात तीन-चार खेळ्या, बाकी चित्रांत नुसता बर्फ.

ती कथा मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाचून दाखवायचे. आबा निवृत्त शाळामास्तर. वर्गात पुस्तकी बोलायचे, घरी आले की शेतकऱ्याच्या पोरासारखे. कुठल्याशा शिबिरात मोतीबिंदू काढताना त्यांचा एक डोळा गेला होता आणि दुसऱ्यातही सायीसारखं पांढरं दाटून आलं होतं. आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच.

दुपारी दार अर्धं लोटून मी उंबऱ्याशी बसायचे. नुसत्या खेळ्या सांगून आबांचं भागायचं नाही. दिवा कुठं आहे, पोराच्या डोळ्याखाली काळं आलंय का, खिडकीबाहेर काय दिसतं, सगळं सांगावं लागायचं. एकदा त्यांनी विचारलं, “बर्फ पडतो म्हंजी कसा पडतो गं?” मी तरी कुठं पाहिला होता? सांगितलं, पिंजाऱ्याकडं कापूस उडतो तसा. पावसानं पाठ फिरवलेलं वर्ष होतं ते, बाहेर धुळीशिवाय काही उडत नव्हतं, आणि आमच्या घरात मात्र हळूहळू कापूस पडत होता. पटावर, आबांच्या धोतरावर, चुलीवर. मला अजूनही कधीकधी ते खरंच घडल्यासारखं वाटतं.

मी खेळी वाचली की आबा बोटांनी चाचपून लाकडी सोंगटी हलवायचे. पुढचा अंक येईपर्यंत तो डाव तसाच मांडलेला राहायचा, मांजराच्या भीतीनं वर टोपली पालथी. आबा देशी खेळातले. आपल्या खेळात राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते, कथेतल्या विलायती खेळात ती सोय नाही. “त्येंचा राजा पांगळा हाय,” असं आबा दर महिन्याला न चुकता म्हणायचे.

त्या उन्हाळ्यात तालुक्याच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, मोतीबिंदू पिकलाय, नगरला जाऊन काढून घ्या, आता उशीर केलात तर हाही डोळा हातचा जाईल. आबा ऐकेनात. एक डोळा गेलेला माणूस दुसरा कुणाच्या हाती द्यायला भिणारच. मी रागावले, रडले, दोन दिवस अबोला धरला. शेवटी पटावरची टोपली उचलून ते म्हणाले, “ह्यो म्हातारा जितला की जातो बग. हरला तर मातुर नगरचं नाव काढायचं न्हाई.” मी हसले. ते हसले नाहीत.

पुढचा अंक आला त्या दिवशी मला घरापर्यंत धीर निघाला नाही. वाटेतल्या निंबाच्या पारावर बसून मी शेवटची पानं उघडली. म्हाताऱ्याचा राजा कोपऱ्यात, समोर पोराचा वजीर, जायला एक घर नाही. शेवटच्या चित्रात म्हातारा आपला राजा स्वतःच्या हातानं आडवा करत होता, आणि खाली पाच वर्षांत पहिल्यांदाच ‘समाप्त’ छापलं होतं. मला त्या चित्रकाराचा असा संताप आला की काय सांगू. तुझं काय जात होतं मेल्या, म्हाताऱ्याला जिंकवायला?

मला खोटं बोलायची सवय नव्हती असं नाही, पण आबांशी कधी बोलले नव्हते. घरी आले, उंबऱ्याशी बसले, वाचायला लागले. वजिरानं शह दिला इथपर्यंत खरं वाचलं. मग म्हटलं, “आणि म्हाताऱ्यानं राजा उचलला, अन् अडीच घरं उडवून पार पल्याड ठेवला.” आबांचा हात राजावर होता. तो तिथंच थांबला. मी घाईघाईनं सांगून टाकलं की पोराचा धीर सुटला, त्यानं डाव सोडला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाहेर बर्फ थांबला.

आबांनी राजा उचलला, अडीच घरं मोजली आणि ठेवला. मग म्हणाले, “नगरची यष्टी किती वाजता हाय?”

पांगळ्या राजाचं त्यांना त्या क्षणी आठवलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. डोळ्याचं काम चांगलं झालं. जाड भिंगांचा चष्मा आला, आणि आबा काठी टेकत एकटे हिंडायला लागले.

एकदा मी भाकरी थापत होते तर ते वाचनालयातून आले. काखेत तो अंक. माझा हात पिठातच राहिला. उंबऱ्याशी, माझ्याच जागी बसून त्यांनी पानं नाकाशी धरली आणि सावकाश एकेक चित्र पाहिलं.

“राजा आडवा केलाय की गं हितं.”

“व्हय,” मी म्हणाले.

“मला त्याच दिवशी कळलं हुतं. त्येंचा राजा उडत न्हाई. आन् आपला उडतो, पन एकदा शह बसला की त्योबी उडत न्हाई. ह्येला तर आदीच तीनदा शह बसला हुता. येवढं शिकवलं तुला, समदं वाया.”

हा नियम मी घाईत साफ विसरले होते. लाजेनं तोंड वर होईना. “मग तुमी नगरला गेलात कशापायी?”

आबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

“तू वाचत हुतीस तवा कागुद थरथरत हुता. मला दिसत न्हवतं, पर ऐकू येत हुतं की. म्हटलं, पोर माझ्यापरीस जास्त भ्यालीया. मग जाया नगं व्हय?”

तव्यावरची भाकरी करपली. त्या दिवशी आम्ही तीच खाल्ली.