बाईच्या कानात मी जे सांगितलं

हे मी अजून कोणापाशी बोललेलो नाही. ज्या माणसापाशी बोलायला हवं होतं ते एकच होतं, माझी मोठी बहीण, आणि ती या हिवाळ्यात गेली. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी परतले. आता घरात मी आहे आणि पुस्तकं आहेत. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की जे तिला सांगायचं होतं ते मी तुम्हाला सांगायला निघालोय. तुम्ही कोण, मला माहीत नाही. पण वाचता आहात — म्हणजे ऐकता आहात.

ऐकणं. या सगळ्यात अवघड शब्द तोच आहे.

आम्ही तिला बाई म्हणायचो. ती चौथीत असताना तिला मोठा ताप आला. ताप उतरला तो कान घेऊनच उतरला. डाव्या कानात थोडं उरलं होतं — तोंड अगदी जवळ नेऊन, हळू आणि सावकाश बोललं तर तिला कळायचं. ओरडलं तर कळायचं नाही. लोकांना हे कधी जमलं नाही. बहिरं माणूस म्हटलं की लोक ओरडतात. मला जमलं, कारण मी लहान होतो आणि तिच्या कडेवर बसून बोलायचो. तिची शाळा सुटली. तिथून पुढे डॉक्टर काय म्हणाला, शेजारीण का हसली, लग्नात तिच्या सासऱ्यानं काय मागितलं, सगळं तिला माझ्याकडूनच समजलं. नवरा लवकर गेला आणि ती परत आली. मी लग्न केलं नाही. पांढुर्ण्याला जाऊन हिंदी शिकवायचो आणि संध्याकाळी घरी येऊन जगानं दिवसभरात काय म्हटलं ते तिच्या कानात सांगायचो. "खरं का?" असं तिनं मला कधी विचारलं नाही. कान कधी खोटं बोलतो का?

आमचं गाव सौंसरहून रामाकोन्याकडे जाताना लागतं. गावाआधी एक नाला आहे, आणि त्यावर तेव्हा जुना रपटा, म्हणजे बुटका पूल, होता. पावसाळ्यात पाणी रपट्यावरून जायचं आणि गाव अलीकडे-पलीकडे अडकून पडायचं. रपट्याच्या खाली नाला पसरतो. तिथली जमीन बारा महिने ओली असायची — पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. आम्ही तिला चिबड म्हणतो. लव्हाळे, पाणकणसं, टिटव्या, काठाकाठानं खेकड्यांची बिळं. पिकाच्या दृष्टीनं चिबड म्हणजे फुकट गेलेली जागा. पण भर उन्हाळ्यात, नाला कोरडा पडला की, त्याच्या कडेला वाळूत हातभर खड्डा केला तरी गार पाणी झिरपून यायचं. विहाराजवळच्या वस्तीतल्या बाया वैशाखातही त्या झिऱ्यांतून वाटीवाटीनं पाणी भरायच्या.

बाई रोज सकाळी तिथं जायची. तिला ते का आवडायचं, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं — तिथं कोणाला तिच्याशी बोलावं लागत नाही, म्हणून. एवढा काळ मी तिचा कान होतो आणि एवढं साधं विचारलं नाही. असो.

मी अजून आडूनच बोलतोय, नाही का?

रपटा पाडून तिथं उंच पूल बांधायचं ठरलं. गावाला आनंद झाला, बाईलाही. ती पुलाच्या विरुद्ध नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर गावात तिच्याबद्दल भलतंच बोललं गेलं. तिचं म्हणणं एवढंच होतं, की पूल बांधा, पण खालचं पाणी मारू नका. कामावर दुबे नावाचा तरुण इंजिनिअर होता, पार रीवाकडचा. त्याला मराठी येत नव्हती, आणि बाईच्या कानाशी वाकून हळू बोलणं त्याला जमायचं नाही. म्हणून मी मधे. ती बोलायची, मी हिंदीत सांगायचो. तो बोलायचा, मी तिच्या कानाशी वाकायचो.

पोरगा चांगला होता. रपट्याचा मलबा नाल्यात लोटू नको, ती म्हणाली. त्यानं तो काठावर वर रचून ठेवला. सिमेंटची मशीन नाल्यात धुऊ नको, तिनं सांगितलं. त्यानं दूर खड्डा खणला आणि मजुरांना बजावलं, की मशीन तिथंच धुवायची. पाणी गढूळ होऊ नये म्हणून वाळूची पोती आडवी टाकली. तो हसून म्हणायचा, "सर, मेरी असली बॉस तो अम्मा हैं." हे मी तिला सांगितलं तेव्हा ती लाजली. त्याच्यासाठी पदराखालून संत्री न्यायला लागली. म्हणायची, "खा रे बाप्पा. वाळून राह्यला उन्हात."

मग वळणरस्त्याचा प्रश्न आला. पूल होईपर्यंत गाड्या कुठून जाणार? नकाशात तात्पुरता रस्ता खालच्या बाजूनं होता — चिबडावर बोल्डर आणि मुरूम टाकून. वरच्या बाजूला जमीन कोरडी, टणक. पण तिथं आमची संत्र्याची बाग. जमिनीच्या कागदावर नाव माझं. हो म्हणायला माझं एकट्याचं तोंड पुरेसं होतं.

त्या दिवशी सकाळी आम्ही तिघं काठावर उभे होतो. दुबेनं बागेकडे बोट दाखवलं आणि मला म्हणाला, "सर, एक रास्ता है. डायवर्शन ऊपर से, आपके बगीचे के किनारे से निकाल दूँ तो नीचे का गीला हिस्सा पूरा बच जाएगा. पेड़ों की एक लाइन जाएगी, बस. साहब से मैं बात कर लूँगा. अम्मा से पूछिए न — खुश हो जाएँगी."

बाईनं माझी बाही ओढली. "काय म्हनून राह्यला तो? सांग न."

मी तिच्या कानाशी वाकलो.

इथे मी चार दिवस थांबलो होतो. कागद पुढे, आणि हात चालेना.

मी तिला म्हणालो, "तो म्हनते, नकाशा वरून पास होऊन आला. रस्ता चिबडातूनच जाईन. त्याच्या हातात कायी नाही."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. ज्याला संत्री खाऊ घातली त्या पोराकडे. मग मला म्हणाली, "याले विचार, तुह्या मायच्या विहिरीत कोनी मुरूम टाकला असता तं तू काय केलं असतं?"

दुबेनं विचारलं, "क्या कह रही हैं?"

आणि मी — हिंदीचा मास्तर, शब्द मोजून वापरणारा — त्याला सांगितलं, "कहती हैं, पेड़ नहीं देंगी. पिताजी के हाथ के लगाए हुए हैं."

बाबांच्या हातची झाडं केव्हाच डिंक्या रोगानं गेली होती. ती ओळ मी लावलेली होती.

बाईचा चेहरा रागानं लाल झालेला होताच. माझ्या खोट्याला तो चेहरा अगदी बरोबर बसला. दुबेनं तो पाहिला, आणि त्याला माझं म्हणणं पटलं. का नाही पटणार? तो एवढंच म्हणाला, "अच्छा. अपने पेड़ की बात आई तो..." तिनं विचारलं, काय म्हणाला? मी म्हणालो, कायी नाही.

एका श्वासात मी दोघांशी खोटं बोललो. तिच्या नजरेत त्याला दगड केलं आणि त्याच्या नजरेत तिला ढोंगी. आणि दोघंही माझ्या अगदी शेजारी उभे होते.

कशासाठी? तुम्हाला वाटेल, मोठं काही कारण असेल. नव्हतं. त्या ओळीखाली दुपारी चांगली सावली पडायची. तिथं माझी बाज असायची. रविवारी, सुट्ट्यांत, मी तिथं वाचत पडायचो. ट्रक तिथून गेले असते तर एक उन्हाळा धूळ आली असती, आणि मग ती सावली नसती. एवढंच. हे मी मनात बऱ्याच वेळा मोठं करून पाहिलं — बागेचं नुकसान, वाडवडिलांची जमीन, सरकारी कामाचा काय भरवसा. पण वाकताना माझ्या डोक्यात यातलं काहीच नव्हतं. बाज होती.

चिबडावर बोल्डर पडायला लागले तेव्हा मी त्या बाजेवरच होतो. डंपर रिकामा होताना दगडांचा आवाज यायचा. मी पान उलटायचो. त्या उन्हाळ्यात मी बरीच पुस्तकं वाचून काढली. चांगली होती. मी हे लपवत नाही.

बाईनं दुबेशी बोलणं सोडलं. तो दिसला की पदर ओढून ती दुसरीकडे बघायची. आणि गावात गोष्ट पसरली ती दुबेकडून, त्याच्या मजुरांकडून. हॉटेलात माझ्यासमोरच म्हणायचे, "मास्तर, तुमची बाई लय हुशार. पानी गावाचं, झाडं घरची!" हसायचे. मीही थोडं हसायचो. तिला ऐकू जात नव्हतं, आणि जे तिला ऐकू जात नाही ते सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं नाही.

एकदा मात्र तिच्या तोंडावरच झालं. पूल चालू झाला होता, वळणरस्त्याचा वरचा थर मशीननं उचलून नेला होता. पण खालचा मुरूम ओल्या जमिनीत बसून फरशीसारखा घट्ट झाला होता. लव्हाळे आले नाहीत. आली ती बेशरमची झुडपं. पुढच्या उन्हाळ्यात झिरे चैत्रातच आटले. वस्तीतली कौसल्याबाई पाण्याचा रिकामा गुंड घेऊन परत येत होती. वाटेत ती आम्हा दोघांना भेटली. ती थांबली आणि बाईला म्हणाली, "पान्याचं लय सांगत होत्या न बाई तुमी? मंग झाडं काउन नाही देल्ली? आता आमी पानी कुठून आनाव?"

बाईला तिचे ओठ हलताना दिसले. माझ्याकडे वळली. "काय म्हनते रे?"

मी वाकलो. म्हणालो, "म्हनते, झिरे आटले."

बाईनं पुढे होऊन कौसल्याबाईचा हात धरला. "हो न माय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "काय कराव आता!"

कौसल्याबाईनं हात सोडवून घेतला. आमच्याकडे पाहिलं — आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे — आणि निघून गेली. घरापर्यंत बाई विचारत होती, "ते रागावली काउन? मी काय म्हनलं?" मी म्हणालो, उन्हानं.

दुबेची बदली झाली. जायच्या आधी तो दारापर्यंत आला, आत आला नाही. म्हणाला, "अम्मा को नमस्ते कहिएगा. मैंने उन्हें कुछ और समझा था, सर." बाई आत शिवणयंत्रावर होती. मी आत गेलो आणि तिला काहीच सांगितलं नाही. तो तिच्या उलट नमस्काराची वाट पाहत थांबला होता का? मी बाहेर आलो तेव्हा मोटरसायकल वळणावर गेली होती.

बाई चिबडाकडे जायची ती शेवटपर्यंत. आधी रोज, मग पाय चालतील तेव्हा. मी कधी सोबत गेलो नाही.

आता तिचे शेवटचे दिवस. दुखणं फार नव्हतं. दिवा कमी करावा तशी ती कमी होत गेली. दुपारी मी तिच्याजवळ बसायचो. एका दुपारी ती म्हणाली, "तो इंजिनिअर पोरगा... मंग कधी काय म्हनला का रे? का त्याचं चुकलं म्हनून?"

तेव्हा सांगता आलं असतं. डावा कान माझ्या बाजूला होता. दार लोटलेलं होतं. शब्दही फार लागले नसते — तो नाही, मी. बस, एवढे. मी वाकलो. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता.

"म्हनला," मी सांगितलं. "जातानी म्हनला, अम्माले सांगा, माह्यं चुकलं."

तिनं डोळे मिटले. चेहरा सैल झाला, हलका झाला. म्हणाली, "जाऊ दे मंग. लेकरू होतं ते. त्याले सांग, बाईच्या मनात कायी नाही."

मी हो म्हणालो. त्याचा पत्ता माझ्याकडे नव्हता, आणि मी तो शोधला नाही. तिची उशी नीट केली, चमच्यानं पाणी पाजलं. दोन दिवसांनी ती गेली, त्याला माफ करून.