डावीकडचा कॅमेरा

माझं पोटच संशयावर चालतं. सांता क्लारातल्या एका चिप कंपनीत मी बावीस वर्षं टेस्टिंग करतोय. म्हणजे दुसऱ्याने "झालं, चालतंय" म्हणून पाठवलेली वस्तू कुठे चालत नाही ते शोधून काढायचं. ही सवय संध्याकाळी ऑफिसात ठेवून येता येत नाही. बायको म्हणते, तू हॉटेलातलं मेन्यूकार्डसुद्धा उलटं करून बघतोस, मागे बारीक अक्षरात काही लिहिलंय का. बघतोच. बहुतेक वेळा लिहिलेलं असतं.

तरीही इलेक्ट्रिक गाडी आमच्या सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये आली ती बायकोमुळे. त्या वर्षाच्या सुरुवातीला तिच्या मानेचं ऑपरेशन झालं. दोन मणके एकमेकांना जोडून टाकले. दुखणं थांबलं, पण मान वळेनाशी झाली. कुणी बाजूने हाक मारली तर ती अख्खी वळते, खांद्यासकट. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली आणि समोर जायला तिला काही अडचणही नव्हती. अडचण होती मागे जायची.

आणि तिला दर शनिवारी मागे जावंच लागायचं. ती नऊ वर्षं मराठी शाळेत शिकवते. पाच-सहा वर्षांची पोरं. ती मराठीत विचारते, पोरं इंग्रजीत उत्तर देतात, ती मराठीतच पुढचा प्रश्न विचारते, आणि वर्षाच्या शेवटी त्यातलं एखादं पोर अचानक "बाई, मला पाणी हवंय" म्हणतं. त्या एका वाक्यावर ती महिनाभर खूश असते. ही शाळा एका सरकारी शाळेच्या भाड्याने घेतलेल्या वर्गांत भरते. शनिवारी तिथे सॉकरच्या मॅचेस असल्यामुळे पार्किंग लॉट सकाळीच भरतो. मग रस्त्याच्या कडेला, दोन गाड्यांच्या मध्ये, रिव्हर्समध्ये गाडी घुसवायची. मान न वळवता ते जमणं कठीण.

ऑपरेशननंतर मीच तिला सोडायला-आणायला लागलो. मला वाटायचं मी मोठी सेवा करतोय. एकदा तिने स्पष्टच सांगितलं, "वर्ग संपल्यावर पालक बोलायला थांबतात, आणि तू बाहेर गाडीत बसून घड्याळ बघतोयस हे मला आतून कळतं. मला एकटीला जायचंय. ते जमणार नसेल तर मी वर्ग सोडते." म्हणून ती गाडी घेतली, तिच्या नावावर, कारण ती स्वतःची स्वतः पार्क होते असं सगळे सांगत होते.

सगळे म्हणजे मुख्यतः आमच्याच बिल्डिंगमधला एक पुणेकर मित्र. त्याच्याकडे तीच गाडी आधीपासून. आमच्या भागातल्या मराठी इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, त्याचा हा स्वयंघोषित पुढारी. गाडी घेतल्यावर कळलं की पार्किंगचं आणि लेन बदलण्याचं वगैरे जे काही आहे ते गाडीत असतंच, पण बंद असतं. वेगळं विकत घ्यायचं, नाहीतर दरमहा भाडं भरायचं. मला तिथेच पाणी मुरताना दिसलं. कॅमेरे माझ्या गाडीवर, वायरी माझ्या गाडीत, आणि चालू करायची कळ दुसऱ्याच्या हातात!

ग्रुपवर याच विषयावर रोज खडाजंगी. एकजण म्हणायचा, पूर्ण पॅकेज आत्ताच घ्या, नंतर महाग होईल. दुसरा म्हणायचा, थांबा, नंतर फुकट देतील. तिसऱ्याने घेतलं होतं आणि पस्तावला होता, पण मान्य करत नव्हता. मी प्रत्येकाला एकच विचारायचो, "तुम्ही टेस्ट केलंत का?" यावर कुणीतरी विषय बदलायचं.

"तू ना, यार, फार निगेटिव्ह आहेस," मित्र म्हणाला. "वहिनींसाठी तरी ट्राय कर. महिनाभराची फ्री ट्रायल आहे. नाही आवडलं तर कॅन्सल कर."

फ्री म्हटल्यावर माझा संशय दुप्पट झाला. पण बायकोने मला न विचारता फोनवरून ट्रायल चालू केली. दसरा चार दिवसांवर आला होता.

दसऱ्याला गाडीची पूजा आम्ही दरवर्षी करतो. इथे आल्यापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. आदल्या दिवशी मी गाडी स्वतः धुतली. मॅन्युअल दोनदा वाचलं होतं, त्यामुळे कॅमेरे कुठे आहेत ते मला पाठ. प्रत्येक काच मऊ फडक्याने पुसली. दसऱ्याच्या सकाळी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली. बायकोला वाकता येत नाही म्हणून चारी बाजूंना हळदकुंकू मीच लावलं. पुढच्या डाव्या चाकामागे, पत्र्यावर एक छोटा कॅमेरा आहे. त्याच्यावर बोट लागू नये म्हणून मी मुद्दाम दोन बोटं वर टिळा लावला, चांगला ओलसर, ठसठशीत. मग डाव्या चाकापाशी काँक्रीटवर नारळ फोडला. पाणी चांगलंच उडालं. शेजारच्या गाडीत बसणाऱ्या चिनी आजोबांनी हात जोडले. मी त्यांना खोबरं दिलं.

आणि आमच्या घरात एक नियम आहे, माझ्या आईचा. पूजेचं कुंकू आपल्या हाताने पुसायचं नाही. ते आपणहून जाऊ द्यायचं. त्यामुळे दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत आमच्या गाडीला पाणी लागत नाही. बाकी सगळ्यावर संशय घेणारा मी, या नियमाला कधी प्रश्न विचारलेला नाही.

पुढच्या रविवारी दुपारी मी टेस्ट घेतली. आमच्या पार्किंगमध्ये एक खांब आहे, त्याच्या पुढ्यात, मध्ये गाडीपुरती जागा सोडून, मी पुठ्ठ्याची रिकामी खोकी रचून दोन खोट्या गाड्या केल्या. बायको स्टीअरिंगवर, मी उजव्या बाजूला हातात वही घेऊन उभा. मित्र जिन्याच्या पायरीवर कॉफी घेऊन बसला होता. बायकोने नवीन ड्रेस घातला होता, हे मला का कुणास ठाऊक अजून आठवतं.

तिने स्क्रीनवर बटण दाबलं. स्टीअरिंग आपलं आपण फिरलं, गाडी मागे सरकायला लागली. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग गाडीने कचकन ब्रेक मारला आणि खोकी आणि खांब यांच्यामध्ये तिरकी उभी राहिली. पॅं पॅं आवाज सुरू झाला. नेमकी त्याच वेळी मागून एक गाडी आली आणि हॉर्न वाजवायला लागली. बायकोला मागे वळून बघता येईना. ती नुसती आरशात बघत होती.

"अरे, हे म्हणतंय डावीकडचा कॅमेरा झाकला गेलाय," ती खिडकीतून ओरडली. "साफ करा म्हणतंय!"

"काहीतरी कारण देणारच ना!" मी ओरडलो. "मी स्वतः पुसलाय तो. उतर तू, मी काढतो गाडी."

"एकदा बघ तरी!"

"अगं, मला माहितीये ना! रोज हेच करतो मी. यांना काही जमलं नाही की कॅमेरा घाण, सूर्य डोळ्यात, रस्त्यावरचे पट्टे पुसट. उतर."

ती उतरली. मी गाडी काढली, सरळ केली, मागच्या गाडीवाल्याची माफी मागितली. मित्र कॉफी तशीच ठेवून निघून गेला. मी वहीत लिहिलं: पार्किंग नापास. कारण खोटं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आनंद झाला होता. आठवडाभर ग्रुपवर ज्याच्यासाठी भांडलो ते सिद्ध झालं होतं. संध्याकाळी मी तिथे लांबलचक मेसेज टाकला आणि सेटिंगमध्ये जाऊन सगळी मदत बंद करून ठेवली.

 दुसऱ्या दिवशी बायकोने शाळेच्या संचालिका काकूंना फोन केला आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरी बाई बघा म्हणून सांगितलं. मी शेजारच्या खोलीत होतो. "नाही, नाही, तब्येत ठीक आहे," ती म्हणत होती. "जमत नाहीये एवढंच."

त्यानंतरचे दोन शनिवार मी तिला सोडायला गेलो. डावीकडे वळायला इंडिकेटर दिला की स्क्रीनवर त्या बाजूच्या कॅमेऱ्याचं चित्र येतं. ते तांबूस आणि धुरकट दिसायला लागलं होतं. मी बायकोला म्हणालो, "बघ, बघ. सगळं बंद करून ठेवलं म्हणून आता मुद्दाम चित्र खराब देतात. म्हणजे आपण घाबरून विकत घ्यावं." ती पर्स मांडीवर घेऊन समोर बघत बसली होती. दुसरीकडे बघायचं तर तिला अख्खं वळावं लागलं असतं. मी खराब चित्राचं वहीत लिहिलं. ग्रुपवरही टाकलं. दोघांनी अंगठा दाखवला.

दिवाळीच्या आदल्या दिवशी, नियमाप्रमाणे, मी गाडी धुवायला घेतली. बॉनेटवरचं स्वस्तिक जवळजवळ गेलंच होतं. पुढच्या डाव्या चाकामागे आलो आणि हात थांबला. टिळ्यातून एक ओघळ खाली उतरला होता आणि कॅमेऱ्याच्या काचेवर तांबडा, चिकट पापुद्रा वाळून बसला होता. नारळाचं पाणी आणि कुंकू. नखाने खरवडलं तर सुटलं, एका फुंकरीत गेलं.

मी तिथेच काँक्रीटवर बसलो. मला लाज वाटली. कंपनीवर संशय घेतला, सॉफ्टवेअरवर घेतला, ग्रुपमधल्या माणसांवर घेतला, फुकट या शब्दावर घेतला. स्वतःच्या बोटावर नाही घेतला. आणि त्याहून वाईट हे की गाडीने खरं सांगितलं होतं, बायकोने ते मला वाचून दाखवलं होतं, "एकदा बघ तरी" म्हणाली होती, आणि त्याच बाजूने गाडीत बसताना एकदा वाकून बघायची मला गरज वाटली नव्हती.

एक क्षण असाही आला की वाटलं, पुसून टाकावं आणि गप्प बसावं. कुणाला कळणार होतं! ट्रायल आठवड्याभरात संपणारच होती. पण ती आत फोनवर नव्या बाईंना वर्गातल्या पोरांची माहिती देत होती, कोण लाजतं, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाला पाटीवर उलटा "क" काढायची सवय आहे. ते खिडकीतून ऐकू येत होतं.

मी आत गेलो आणि तिला सगळं सांगितलं. नखात अडकलेलं कुंकूही दाखवलं. मला वाटलं ती चिडेल, किंवा हसेल. खरं तर हसावी अशी माझी इच्छा होती.

"म्हणजे मी वाचलं ते बरोबर होतं," ती म्हणाली.

"हो."

"तेव्हाही बरोबरच होतं."

"हो. चुकलं माझं."

ती अख्खी वळली, माझ्याकडे पाठ करून, आणि नव्या बाईंना पुन्हा फोन लावला. सॉरी म्हणाली. वर्ग मीच घेतेय, म्हणाली. मग मला न विचारता पार्किंगचं पॅकेज विकत घेतलं, आणि उरलेली दुपार एकटीने खाली जाऊन तीच खोकी पुन्हा रचून गाडी त्यांच्या मध्ये लावत बसली. मी गॅलरीतून बघत होतो. बहुतेक वेळा नीट लागली. एकदा एक खोकं चिरडलं. ती उतरली, खोकं सरळ केलं, पुन्हा बसली.

सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी ती एकटी निघाली. किल्ली म्हणजे आता फोनच असतो, पण तिने पर्समध्ये चाचपून बघितलं, पूर्वी किल्ली चाचपायची तसं. "मी येऊ का? फक्त पहिल्या दिवशी?" असं मी विचारलं. ती नको म्हणाली.

वर्ग सुरू व्हायच्या सुमारास मला राहवेना. गाडीचं ॲप माझ्याही फोनवर आहे. गाडी कुठे उभी आहे, पार्क झाली की रस्त्यात तिरकी अडकली, दारं लागली का, सगळं त्यात दिसतं. एवढ्या महिन्यांत ती एकटी किराणा आणायला गेली तरी मी ते उघडून बघायचो, आणि तिला ते माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. मी ॲप उघडलं. गाडीच्या जागी पांढरा पडदा होता आणि त्यावर एक ओळ होती, की या गाडीच्या मालकाने तुम्हाला यादीतून काढलेलं आहे.

नेटवर्कचा घोटाळा असेल म्हणून मी फोन बंद करून पुन्हा चालू केला. तीच ओळ आली.

ती नेहमीपेक्षा तासभर उशिरा घरी आली. तेवढा वेळ मी जेवण गरम करून ठेवलं होतं. तिने चपला काढल्या, हात धुतले आणि ताट वाढून घेतलं. कुठे लावलीस गाडी, कशी लागली, उशीर का झाला, हे सगळे प्रश्न माझ्या जिभेवर रांगेत उभे होते. मी एकही विचारला नाही. तिने तीन घास खाल्ले आणि मग म्हणाली, "पालक बोलायला थांबले होते."

मी ते खरं मानलं.