ढाण्याचा कळप

धुकं इतकं दाट, की भीमेवरल्या धरणाच्या फुगवट्यातलं बेट दिसत नव्हतं. नुसता हंसांचा कलकलाट ऐकू येत होता. तात्याबा होडीतलं पाणी डब्यानं उपसत होते. परमुलखातली पाखरं बेटावर हायेत तोवर तिथं माणसानं, जनावरानं पाय टाकायचा न्हाई, असा गावाचा ठराव. राखणीला तात्याबा.

त्यांचं कुत्रं, ढाण्या, काठावर बसून बेटाकडं कान लावून होता. तात्याबांच्या बायकोनं, गिताबाईनं, त्याला डोळे उघडायच्या आत मेंढरांत टाकला होता, मेंढीच्या दुधावर वाढवला होता. धनगराचं कुत्रं असंच घडतं. कळप म्हंजी त्याचं घर. पुढं गिताबाई गेली. पोरानं मेंढरं विकून ऊस लावला. कुत्र्याला हे कोण सांगणार?

धुकं फाटलं. करड्या हंसांची दाटी थेट मेंढरांसारखी दिसली. तात्याबांनी मान वर केली, तर ढाण्या पाण्यात, अर्ध्या वाटेवर.

त्यांनी दोन बोटं तोंडात घातली आन् लांब शीळ मारली. जन्मभर मारलेली शीळ. ती विरली तवा त्यांच्या ध्यानात आलं. ही माघारी बोलवायची शीळ न्हवं. कळप गोळा करायची.

ढाण्यानं हुकूम पाळला. न भुंकता, एकाही पाखराला दात न लावता, बेटाला वळसा घालून त्यानं हंस एका कोपऱ्यात आणले. मग सगळं बेटच उठल्यासारखं झालं. दुपार कलली तरी पाखरं परतली नाहीत.

सरपंच प्रतिभाताई काठावर आल्या. "तात्याबा, कुत्रं बांधा म्हणलं व्हतं ना?"

"बांधलं की खात न्हाई, ताई. फास लागंस्तोवर वढतंय."

"आन् उद्या लोकं म्हणतील, तात्याबांचं कुत्रं चालतं, मग मासं धरायला आमची जाळी का न्हाई?"

"शीळ मीच मारली. त्याचा गुन्हा न्हाई."

"म्हाईत हाय मला. पण कुत्र्याला तरी लांब धाडता येतंय, तुम्हाला कुठं धाडू?" त्या हसल्या.

त्याच आठवड्यात तात्याबांचा भाचा म्हाळू मेंढरं घेऊन वाटेनं चालला होता. "द्या मामा, जीव लावीन," म्हणाला. तात्याबांनी त्या दिवसापासून बांधलेली दोरी सोडली. ढाण्या मेंढरांत शिरला तो शिरलाच. एकदा तरी वळून बघंल, म्हणून ते धूळ बसेपर्यंत थांबले. शीळ मारली असती तर आला असता, कळपासकट. त्यांनी हात बंडीच्या खिशात कोंबले.

बेट अजून मोकळंच होतं. होडीत पुन्हा पाणी साचलं होतं. तात्याबांनी डबा उचलला.