घरात सांगण्याआधी

आमच्या पेठेचं एक पेज मी फोनवर चालवतो. सुरुवातीला कुस्त्यांचे निकाल टाकले, नळाला पाणी कधी येणार ते टाकलं, खड्ड्यांचे फोटो टाकले. कुत्रंही विचारत नव्हतं. मग शेजारचे एक आजोबा वारले आणि मी त्यांची बातमी टाकली. संध्याकाळपर्यंत ती अख्ख्या पेठेच्या फोनात गेली. लोकांना काय हवं असतं ते मला त्या दिवशी कळलं. तेव्हा लाज वाटली, असं आता सांगितलं तर ते खोटं होईल. मला आनंद झाला होता.

पुढं मी ते काम मन लावून शिकलो. सगळ्यात आधी टाकायचं. दुसऱ्यानं टाकल्यावर आपलं कोण बघतंय? फोटो हसरा हवा. अंत्ययात्रा किती वाजता आणि रक्षाविसर्जन कधी, हे ठळक हवं. आणि माझी स्वतःची अक्कल म्हणजे आवाज. आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या बायकांना वाचता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांचे हात शेणात नाहीतर पिठात असतात. म्हणून मी निधनाची बातमी बोलून टाकायला लागलो, सावकाश, जड आवाजात. गारगोटीला, आजऱ्याला दिलेल्या लेकी ती ऐकून एसटी धरायच्या आणि बापाचं तोंड बघायला वेळेत पोचायच्या. एकदा रस्त्यात एका अनोळखी माणसानं थांबवलं. "पावणं, तुमी बोललासा की घरातलं माणूस बोलल्यागत वाटतंय बगा," म्हणाला. घरी येईपर्यंत मी फुगलेलाच होतो.

मागच्या गल्लीत माझी एक मावशी राहते. सख्खी नव्हे, आईची मैत्रीण. नवरा लवकर गेला, एकच मुलगा. तो आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. मावशीला अक्षर येत नाही. तिच्या फोनात माझं पेज मीच लावून दिलं होतं. "घंटी वाजली की हितं बोट ठेवायचं," असं शिकवलं आणि ती दोन दिवसांत शिकली. माझं ऐकणारं एक माणूस वाढलं, एवढाच माझा हिशेब.

तिचा मुलगा गारगोटीहून दुचाकीवर येताना ट्रकखाली सापडला. सकाळी अकराच्या सुमाराला त्याच्या चुलत भावानं दवाखान्यातून मला फोन केला. त्याला धड बोलता येत नव्हतं. "गेला रं. पर घरात अजून सांगितल्यालं न्हाय."

हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक मरणात असतं. माणूस गेला तरी त्याच्या आईला, बायकोला 'जरा लागलंय, शुद्धीवर हाय' एवढंच सांगतात. गल्लीतल्या दोन-चार जाणत्या बायका काहीतरी निमित्त काढून घरात जाऊन बसतात. टीव्ही बंद करतात, फोन लपवून ठेवतात. तिला बळंच चहा पाजतात, कारण पुढं दोन दिवस घशाखाली काही उतरणार नसतं. मयत दारात येतं, दोघी दोन बाजूंनी तिचे दंड धरतात आणि मग तिला सांगतात. लहानपणापासून मी हे बघत आलोय. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशी मला फक्त एवढंच दिसलं, की बातमी अजून कुणीच टाकलेली नाही.

मायलेकांचा नृसिंहवाडीच्या घाटावरचा एक फोटो माझ्याकडे होता. त्यातून मावशीला कापून काढलं. त्याचा हात तिच्या खांद्यावर होता, तो काही केल्या निघेना, म्हणून तेवढा खांदा राहू दिला. मग बोलायला बसलो. पहिल्यांदा आवाज फाटला, ते पुसून टाकलं. दुसऱ्यांदा खोकला आला. तिसऱ्यांदा छान जमलं. "अंत्ययात्रा दुपारी चार वाजता राहत्या घरातून निघेल."

राहत्या घरात मावशी एकटी लसूण सोलत बसली होती. बायका अजून पोचायच्या होत्या.

त्या पोचल्या तेव्हा ती उंबऱ्यात बसून माझं बोलणं पुन्हा पुन्हा लावत होती. रडत नव्हती. एकीनं फोन काढून घ्यायला हात पुढं केला तर म्हणाली, "थांब, त्यो काय सांगालाय ते ऐकू दे मला." हे मला माझ्या आईनं सांगितलं. त्या बायकांत तीही होती. सांगताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

बाकी कुणी मला एक शब्द बोललं नाही. उलट चुलत भाऊ म्हणाला, "तुज्यामुळं माणूस लई जमलं." त्यानं कानाखाली ओढली असती तर बरं झालं असतं.

तेराव्यानंतर मावशीनं बोलावून घेतलं. तोंडावर थुंकेल, अशा तयारीनंच गेलो. तिनं चहा ठेवला. कप माझ्या हातात देऊन समोर बसली.

"दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं," ती म्हणाली. "भांडलो असतो त्येच्यासंगं. पर तू सांगितलास. म्हटलं, ह्यो आपला हाय, ह्यो खोटं न्हाय बोलायचा."

"चुकलं माझं, मावशी."

"चुकलंच की." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता एवढं कर. मी गेल्यावर आदी घरात सांग. मग सगळ्यास्नी सांग."

मी व्हय म्हणालो. त्या घरात आता तिच्याशिवाय दुसरं कुणी नाही.